तर्क कुठे निसटला? रोजच्या वादांतले तर्कदोष ओळखण्याची रीत

तर्कदोष शिकायला बसलेला माणूस बहुधा यादीपासून सुरुवात करतो. तीस-चाळीस नावं, प्रत्येकाखाली एखादं उदाहरण, आणि सगळं पाठ. मग खऱ्या वादात ऐन वेळी एकही नाव आठवत नाही, किंवा जे एक आठवतं तेच सगळीकडे दिसायला लागतं. समोरच्यानं आवाज चढवला की लगेच 'हा व्यक्तिगत हल्ला झाला'. यादी वाईट नाही, पण ती शेवटी यायला हवी. आधी समोरचा युक्तिवाद सुटा करायचा, त्यातला दुवा तपासायचा आणि मग हवं तर नाव द्यायचं. या लेखात तोच क्रम ठेवला आहे.

सरावासाठी एकच प्रसंग घेऊ. समजा, एका सोसायटीची सर्वसाधारण सभा चालू आहे. विषय आहे प्रत्येक फ्लॅटला पाण्याचं स्वतंत्र मीटर बसवण्याचा.

सेक्रेटरी: टँकरचा खर्च दर उन्हाळ्यात वाढतोय. प्रत्येक फ्लॅटला मीटर बसवू या.

पहिल्या मजल्यावरचे काका: तुम्ही तर बोलूच नका. वर्षातले सहा महिने तुम्ही मुलाकडे परदेशात असता.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू: म्हणजे आम्ही पाणी चोरतो असं म्हणायचंय का तुम्हाला?

खजिनदार: शेजारच्या सोसायटीनं मे महिन्यात मीटर बसवली, जुलैत टँकर निम्म्यावर आले. आणखी काय पुरावा हवा?

एक तरुण सभासद: माझ्या भावाकडचं मीटर वर्षात बंद पडलं. ही मीटरं टिकतच नाहीत.

काका: आज पाणी मोजाल, उद्या लिफ्टच्या फेऱ्या मोजाल, परवा जिना किती वेळा चढलो तेही मोजाल!

काकू: वीस वर्षं सगळे सारखा वाटा भरतोय. काही बिघडलं का?

सेक्रेटरी: हे बघा, एक तर मीटर लावा, नाहीतर टँकर बंद. ठरवा काय ते.

खजिनदार: आणि काका, तुमच्या बाथरूमचा नळ चार महिने गळतोय, तो आधी बघा.

पायरी १: युक्तिवाद आणि नुसतं बोलणं वेगळं करा

युक्तिवाद म्हणजे एखादी गोष्ट पटवण्यासाठी दिलेलं कारण. राग, टोमणा, तक्रार किंवा आठवण यांत तर्कदोष शोधू नये, कारण तिथे तर्कच मांडलेला नसतो. 'तुम्ही हट्टी आहात' हा अपमान आहे. 'तुम्ही हट्टी आहात, म्हणून तुमचा प्रस्ताव चुकीचा' हा तर्कदोष आहे. खजिनदारांचं गळक्या नळाबद्दलचं वाक्य नुसतं सुनावणं असेल तर ते सोडून द्यायचं. 'म्हणून तुमच्या शंकेला उत्तर द्यायची गरज नाही' असं त्यातून सुचवायचं असेल तर ते तपासायला घ्यायचं.

पुस्तकात 'कारण', 'म्हणून', 'त्यामुळे' अशा शब्दांवरून युक्तिवाद सापडतो. बोलताना मात्र आपण हे शब्द फार वापरत नाही. आपलं बरंचसं काम 'मग', 'तर', 'की' आणि प्रश्नचिन्ह करतं. काकूंच्या 'काही बिघडलं का?'चा अर्थ असा, की आजवर काही बिघडलं नाही, म्हणून बदल नको. 'आणखी काय पुरावा हवा?' म्हणजे एवढा पुरावा पुरेसा आहे. नवशिक्यांनी एक सवय जरूर लावून घ्यावी: प्रश्नाच्या वेशात आलेलं प्रत्येक वाक्य सरळ विधान करून कागदावर लिहायचं. वहीत दोन-चार वाद असे उतरवून पाहा. ऐकताना बिनतोड वाटलेलं वाक्य कागदावर किती उघडं पडतं ते लगेच कळतं.

पायरी २: दावा, कारण आणि न बोललेला दुवा

आता प्रत्येक युक्तिवादाचे तीन भाग करायचे. दावा म्हणजे काय पटवायचं आहे. कारण म्हणजे त्यासाठी काय सांगितलं. दुवा म्हणजे त्या कारणावरून त्या दाव्यापर्यंत जाण्यासाठी काय खरं असावं लागेल. दुवा बहुतेक वेळा कुणी बोलून दाखवत नाही आणि दोष बहुतेक वेळा तिथेच असतो.

सेक्रेटरींचं पहिलं वाक्य घ्या. दावा: मीटर बसवावीत. कारण: टँकरचा खर्च वाढतोय. दुवा मात्र एक नाही, दोन आहेत. खर्च वाढतोय तो रहिवासी पाणी जास्त वापरतात म्हणून, हा पहिला. मीटर बसलं की लोक हात आखडता घेतात, हा दुसरा. पहिला दुवाच चुकीचा असू शकतो: जमिनीखालची टाकी गळत असेल, किंवा टँकरचा दरच वाढला असेल. अजून कुणाचीही चूक सिद्ध झालेली नाही, पण नेमकं काय तपासायचं ते कळलं. सभेत एवढं झालं तरी अर्धा तास वाचतो.

दुव्याचं हे महत्त्व आपल्याकडच्या न्यायदर्शनानं, म्हणजे तर्काचा अभ्यास करणाऱ्या प्राचीन भारतीय परंपरेनं, फार आधीच ओळखलं होतं. 'पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर दिसतो' हे तिथलं घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण. त्यातला दुवा म्हणजे 'जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी', आणि त्याला व्याप्ती म्हणतात. मग नैयायिक, म्हणजे या परंपरेतले विचारवंत, तेच वाक्य उलटं फिरवून पाहतात: 'पर्वतावर धूर आहे, कारण तिथे अग्नी आहे.' हे टिकत नाही. लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा घ्या, त्यात अग्नी आहे पण धूर नाही. म्हणजे दुवा एका दिशेनं पक्का असला तरी दुसऱ्या दिशेनं तो पक्का असेलच असं नाही. रोजच्या बोलण्यात ही उलटापालट सर्रास होते. 'ज्याला डेंग्यू होतो त्याला ताप येतो. याला ताप आलाय, म्हणजे डेंग्यूच.' दुवा लिहून झाला की तो कुठल्या दिशेनं चालतो, हे बाण काढून पाहावं.

दुवा लिहिताना एक पथ्य पाळा. समोरच्याच्या म्हणण्याचं जे सगळ्यात समंजस रूप असेल तेच लिहा. काकांच्या 'तुम्ही परदेशात असता' या वाक्यातून दोन दुवे निघतात. एक असा: जो इथे कमी राहतो त्याचं म्हणणं ऐकायचंच नाही. दुसरा असा: मीटर बसल्यावर सेक्रेटरींचं स्वतःचं बिल घटणार आहे, म्हणून त्यांचे आकडे जरा तपासून घ्यावेत. दुसरा दुवा बराच समंजस आहे. काकांच्या मनात तोच असेल तर त्यांना तर्कदोषी म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय.

पायरी ३: दुव्याला तीन प्रश्न विचारा

वर्गीकरण इथे सुरू होतं. ॲरिस्टॉटलनं १३ तर्कदोष सांगितले आणि त्यांचे दोन गट केले: भाषेमुळे होणारे आणि भाषेबाहेरचे. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, सदोष हेतूचे (हेतू म्हणजे इथे कारण) म्हणजे हेत्वाभासाचे पाच प्रकार आहेत. आजची पाठ्यपुस्तकं आणखी वेगळ्या वाटण्या करतात. नवशिक्याला तीन कप्पे पुरतात, आणि प्रत्येक कप्प्याला एक प्रश्न.

कारणाचा दाव्याशी संबंध आहे का?
संबंध असला, तरी ते कारण दाव्याचा भार पेलण्याइतकं आहे का?
कारणात काही आधीच गृहीत धरलंय का, किंवा शब्दाचा अर्थ मध्येच बदललाय का?

प्रश्न याच क्रमानं विचारा. एखादा युक्तिवाद दोन कप्प्यांत बसला तर गोंधळून जाऊ नका. कप्पे आपल्या सोयीसाठी आहेत.

पहिला कप्पा: संबंधच नाही

यातला सगळ्यांच्या ओळखीचा प्रकार म्हणजे मुद्दा सोडून माणसावर घसरणं. तो ओळखायची कसोटी सोपी आहे: तेच वाक्य दुसऱ्या कुणी उच्चारलं असतं तर त्याचा खरेखोटेपणा बदलला असता का? मीटरमुळे पाणी वाचतं की नाही हे सेक्रेटरी पुण्यात राहतात की परदेशात, यावर ठरत नाही. पण जिथे आपण माणसाच्या शब्दावरच विसंबून असतो तिथे माणसाची पारख करणं रास्तच आहे. साक्षीदार, सल्लागार, फ्लॅट दाखवणारा एजंट यांचा हितसंबंध विचारणं हा तर्कदोष नाही. साक्ष आणि युक्तिवाद यांतला हा फरक लक्षात राहिला नाही, तर शिकलेलं सगळं उलटं वापरलं जातं.

गळक्या नळाचं वाक्य याच घराण्यातलं. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' ही म्हण माणसाच्या वागण्यावर अचूक बोट ठेवते, पण ब्रह्मज्ञान खोटं आहे असं काही तिच्यातून सिद्ध होत नाही. काकांचा नळ गळतोय आणि काकांची शंकाही योग्य आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. टीव्हीवरच्या चर्चेत हाच प्रकार 'तुमच्या काळात काय झालं होतं?' या प्रश्नाच्या रूपात येतो. त्याला आपल्याकडे उत्तरही तयार आहे: एकानं गाय मारली म्हणून दुसऱ्यानं वासरू मारू नये.

काकूंनी केलं ते बुजगावणं. 'मीटर बसवा' या प्रस्तावाचा 'तुम्ही चोर आहात' असा आरोप करून टाकायचा आणि मग त्या आरोपावर तुटून पडायचं. हे ओळखायचं असेल तर मूळ वाक्य आणि ज्याला उत्तर दिलं ते वाक्य शेजारीशेजारी लिहा. 'म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का' हे शब्द ऐकू आले की कान टवकारा. अर्थात हेच शब्द मनापासून विचारलेले असतील तर त्याहून चांगला प्रश्न नाही. फरक एवढाच, की विचारणारा उत्तरासाठी थांबतो का.

'वीस वर्षं असंच चाललंय' हे परंपरेचा हवाला देणं झालं. इथे तर्काच्या आधी वस्तुस्थितीच तपासायला हवी. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत पाण्याचा खर्च प्रत्येक फ्लॅटमधल्या नळजोडण्यांची संख्या आणि आकार यांप्रमाणे विभागायची तरतूद आहे. म्हणजे सगळ्यांनी सारखा वाटा भरणं ही त्या सोसायटीची वहिवाट असेल, नियम असेलच असं नाही. चुकीची माहिती आणि चुकीचा तर्क हे वेगळे आजार आहेत. माहितीवर इलाज कागदपत्रांनी होतो, तर्कावर प्रश्नांनी.

'एवढे सगळे म्हणतात म्हणजे खरंच असणार' याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण 'पाचामुखी परमेश्वर' आपल्या अंगात मुरलेलं आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीच्या मूर्ती दूध पितात ही बातमी देशभर पसरली आणि देवळांपुढे रांगा लागल्या. लाखो लोकांनी चमच्यातलं दूध कमी होताना पाहिलं, आणि ते खोटं बोलत नव्हते. दूध खरंच कमी होत होतं. पृष्ठताणामुळे ते मूर्तीकडे ओढलं जाई आणि पातळ थरानं अंगावरून खाली उतरे. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तो ओघळ दाखवून दिला. लाखो साक्षी होत्या त्या 'चमच्यातलं दूध कमी झालं' या गोष्टीच्या. 'मूर्ती प्यायली' याची साक्ष कुणाकडेच नव्हती, तो निष्कर्ष होता. म्हणून गर्दीचा हवाला आला की विचारा: या सगळ्यांनी स्वतः काय पाहिलं आणि त्यावरून काय ठरवलं? भाविकांची खिल्ली उडवून हा प्रश्न सुटत नाही. पाहिलेलं आणि ठरवलेलं वेगळं केलं की सुटतो.

दुसरा कप्पा: संबंध आहे, पण पुरत नाही

इथे जास्त वेळ घालवा. माणसं जिथे खरोखर फसतात, पैसा आणि तब्येत गमावतात, ते दोष याच कप्प्यातले आहेत.

खजिनदारांचा युक्तिवाद ऐकताना भक्कम वाटतो. मे महिन्यात मीटर, जुलैत टँकर निम्मे. आधी हे घडलं, नंतर ते घडलं, म्हणून ह्यामुळे ते. आपल्याकडे याला कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडणं म्हणतात. पण म्हण ऐकवून भागत नाही, कारण कधी कधी कावळ्याच्या वजनानंही फांदी मोडते. मग तपासायचं कसं?

इथे पुन्हा नैयायिकांकडे जाऊ. अग्नी असूनही कधी धूर असतो, कधी नसतो, हे पाहिल्यावर त्यांनी विचारलं: धूर असतो तेव्हा अग्नीच्या जोडीला आणखी काय असतं? उत्तर मिळालं, ओलं सरपण. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात हे उदाहरण आहे आणि तर्काच्या अभ्यासाची सुरुवात आजही अनेक जण त्या छोट्या ग्रंथानं करतात. कारणाचा प्रत्येक दावा ऐकताना हाच प्रश्न विचारायचा: इथलं ओलं सरपण कोणतं? खजिनदारांच्या बाबतीत ते चटकन सापडतं. मे आणि जुलै यांच्यामध्ये पाऊस सुरू होतो. मीटर नसलेल्या सोसायट्यांचेही टँकर जुलैत कमी झाले असणार. म्हणून योग्य तुलना मेची जुलैशी नाही. ती गेल्या मेची या मेशी, किंवा मीटर असलेल्या सोसायटीची मीटर नसलेल्या सोसायटीशी. आणि 'निम्म्यावर' म्हणजे किती? दिवसाला आठावरून चार, की आठवड्याला दोनावरून एक?

हाच दोष मोठ्या प्रमाणावर काय करू शकतो याचं उदाहरण लशींच्या इतिहासात आहे. १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा १२ मुलांवरचा एक लेख 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि गोवर, गालगुंड व रुबेला यांवरच्या एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) संबंध असल्याची भीती पसरली. आई-वडिलांचा अनुभव खरा होता: लस दिली आणि त्यानंतर मुलाचं वागणं बदललेलं दिसलं. पण या लशीचा पहिला डोस साधारण ज्या वयात देतात, त्याच वयाच्या आसपास स्वमग्नतेची लक्षणं घरच्यांच्या लक्षात यायला लागतात. लस दिली नसती तरी ती त्याच सुमारास दिसली असती. हे पडताळायला लस घेतलेली आणि न घेतलेली मुलं शेजारीशेजारी ठेवून मोजावी लागतात. डेन्मार्कमध्ये तसं मोजलं गेलं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ५,३७,३०३ मुलं होती आणि लस घेतलेल्यांत स्वमग्नतेचं प्रमाण जास्त आढळलं नाही. लॅन्सेटनं मूळ लेख २०१० साली मागे घेतला. मधल्या बारा वर्षांत किती घरांनी भीतीपोटी लस टाळली, याचा विचार केला की तर्कदोष हा नुसता बौद्धिक खेळ नाही हे कळतं.

दुसरा नेहमीचा प्रकार घाईच्या निष्कर्षाचा. भावाचं एक मीटर बंद पडलं आणि जगातली सगळी मीटरं निकामी ठरली. मग शितावरून भाताची परीक्षा होतेच की, असं कुणी म्हणेल. होते, आणि ती का होते ते पाहण्यासारखं आहे. एका पातेल्यातला तांदूळ एकाच जातीचा, पाणी एकच, आच एकच. म्हणून एक शीत बाकीच्या शितांची ग्वाही देतं. मीटर वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या पाण्यावर चालणारी, वेगवेगळ्या प्लंबरनी बसवलेली. तिथे एका मीटरवरून काही ठरत नाही. नमुना किती मोठा हे विचाराच, पण तो एकाच पातेल्यातला आहे का, हेही विचारा.

याचंच एक फसवं रूप म्हणजे फक्त लागलेले नेम मोजणं. 'ज्योतिषी म्हणाले ते तंतोतंत खरं झालं' असे अनुभव प्रत्येक घरात आहेत. न जुळलेली भाकितं मात्र कुणी लिहून ठेवत नाही. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी ही मोजणी नीट करायची व्यवस्था केली. शाळेत हुशार असलेल्या १०० मुलांच्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या १०० मुलांच्या कुंडल्या एकत्र मिसळल्या. सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या आणि कोणती कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवून ठरवलं असतं तरी ४० पैकी सुमारे २० बरोबर आली असती. ज्योतिषांची सरासरी त्याच्याही खाली राहिली. या प्रयोगाची खुबी अशी, की हुकलेले नेमही मोजले जाणार हे आधीच ठरलेलं होतं. एखादं औषध, शिकवणीचा वर्ग किंवा गुंतवणुकीचा सल्ला तोलताना तुम्हीही हेच करू शकता. वर्गाच्या फलकावर झळकलेले दहा चेहरे बघितलेत. त्या वर्षी प्रवेश किती जणांनी घेतला होता?

काकांची लिफ्ट आणि जिना ही घसरगुंडी. आज हे, उद्या ते, परवा सर्वनाश. 'म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो' ही म्हण याच विचाराची आहे आणि ती पुष्कळदा खरी ठरते, म्हणून घसरगुंडी दिसली की ती सरसकट दोष मानू नका. एकेक पायरी वेगळी काढा आणि वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर जायला काय भाग पाडणार आहे ते विचारा. अतिक्रमणाकडे एकदा कानाडोळा केला की दुसरं होतं, कारण पहिल्याचा दाखला देता येतो. तिथे यंत्रणा दिसते. पाण्याच्या मीटरवरून जिना मोजण्यापर्यंत नेणारं असं काही काकांनी सांगितलेलं नाही.

तिसरा कप्पा: गृहीत धरलेलं आणि बदललेलं

'बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर.' सेक्रेटरींनी नेमकं तेच केलं: मीटर, नाहीतर टँकर बंद. दोनच वाटा दाखवल्या की तिसरी नाहीच असं ऐकणारा गृहीत धरतो. खोटा पेच म्हणतात तो हाच. तो फोडायला नवा सिद्धांत लागत नाही, तिसरी वाट सांगितली की झालं. आधी टाकीची गळती तपासू, नळांना फवाऱ्याच्या तोट्या बसवू, किंवा एका इमारतीत वर्षभर मीटर लावून पाहू. तिसरी वाट कितीही शोधून सापडलीच नाही, तर पेच खरा आहे. तेही मान्य करायला हवं.

चक्राकार युक्तिवादात कारण म्हणजे दावाच असतो, फक्त कपडे बदललेले. 'समान वाटणीच न्याय्य, कारण सगळ्यांनी सारखं भरणं यातच न्याय आहे.' पायरी २ मध्ये दावा आणि कारण वेगळं लिहायला सांगितलं ते यासाठीच. दोन ओळी एकच निघाल्या की समजावं.

याच वाक्यात आणखी एक घोळ लपलाय. 'समान' म्हणजे प्रत्येक घराला सारखी रक्कम, की प्रत्येक लिटरला सारखा दर? दोन्ही बाजू समानतेचीच भाषा बोलत असतात आणि तासभर भांडतात. शब्दाचा अर्थ वादाच्या मधेच सरकला असेल, तर तो शब्द बाजूला ठेवून पूर्ण वाक्यात सांगायची विनंती करा. 'विकास', 'नैसर्गिक', 'संस्कार' या शब्दांबाबत हे हमखास करावं लागतं.

पुराव्याचं ओझं ढकलणं हा या कप्प्यातला शेवटचा. 'मीटरनं पाणी वाचत नाही हे सिद्ध करून दाखवा.' नवं काही करायला सांगणाऱ्यानं आधी कारण द्यायचं असतं. समोरच्याला ते खोडता आलं नाही म्हणून ते खरं ठरत नाही.

पायरी ४: नाव देण्याआधी थोडं थांबा

दोष सापडल्यावर दोन गोष्टी तपासा. पहिली, दावा तरीही खरा असू शकतो. खजिनदारांचा पुरावा कच्चा आहे, पण मीटरमुळे पाणी खरोखर वाचतही असेल. त्यांचा युक्तिवाद पडला म्हणजे काकांची बाजू सिद्ध झाली, असं समजणं हाही तर्कदोषच. दुसरी, तोच दोष आपल्या बाजूच्या माणसानं केला असता तर आपल्याला खटकला असता का? निदान पहिला महिनाभर तरी आपल्याला पटलेल्या युक्तिवादांतलेच दोष शोधावेत असं मी आग्रहानं सांगेन. विरोधकाचे दोष कुणालाही दिसतात. त्यातून नजर तयार होत नाही.

पायरी ५: बोलताना नाव घेऊ नका, प्रश्न विचारा

भर सभेत 'काका, हा तर्कदोष आहे' म्हटलंत की काका पुढचं काही ऐकणार नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही. नाव तुमच्या वहीत राहू द्या. तोंडून दुव्यावरचा प्रश्न जाऊ द्या.

खजिनदारांना: 'गेल्या वर्षी मेमध्ये त्यांचे टँकर किती होते आणि या मेमध्ये किती, हे विचारून घेता येईल का?'

काकूंना: 'काकू, चोरीचं कुणीच म्हणत नाहीये. वापराप्रमाणे बिल यावं एवढंच म्हणणं आहे. त्याला तुमची हरकत कशासाठी आहे, ते सांगा ना.'

काकांना: 'काका, लिफ्टचं मोजायचं झालं तर त्यासाठी वेगळा ठराव लागेल ना? तेव्हा तुम्ही विरोध करा, मीही तुमच्या बाजूनं उभा राहतो.'

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर आणखी जपून. मोठ्या माणसाला सगळ्यांदेखत खोडून काढण्यापेक्षा फोन करून 'मामा, हे तुम्हाला कुठून आलं?' असं विचारलेलं बरं. पुष्कळदा त्यांनाही ते माहीत नसतं आणि पुढच्या वेळी ते स्वतःच आधी विचारतात.

सरावासाठी तीन

खालच्या प्रत्येकात आधी दुवा लिहा, मगच पुढे वाचा.

'हा डॉक्टर एवढी फी घेतो, म्हणजे चांगलाच असणार.' दुवा: जो महाग तो चांगला. बोलणाऱ्याच्या अनुभवात फार तर 'चांगले डॉक्टर महाग असतात' एवढंच आहे. बाण उलटा फिरला, धूर-अग्नीसारखाच.

'आजोबांनी आयुष्यभर तंबाखू खाल्ली आणि नव्वदीपर्यंत जगले. तंबाखूनं काही होत नाही.' दुवा: एकाला झालं नाही ते कुणालाच होत नाही. घाईचा निष्कर्ष, आणि लागलेलेच नेम मोजणं. तंबाखू खाऊन पन्नाशीत गेलेले आजोबा ही गोष्ट सांगायला उरलेलेच नाहीत.

'हा अहवाल ज्या बिल्डरच्या पैशानं झाला त्यालाच त्याचा फायदा आहे. सही करण्याआधी दुसऱ्या इंजिनिअरकडून इमारत तपासून घेऊ.' दुवा: हितसंबंध असलेल्याची साक्ष एकटी पुरेशी नाही. इथे अहवाल खोटा आहे असं कुणी म्हटलेलं नाही, फक्त आणखी एक साक्ष मागितली आहे. या युक्तिवादात दोष नाही.